ठोकळ्यांच्या स्टॉप मोशनसाठी कॅमेरा निवडताना

लेगोच्या ठोकळ्यांचा स्टॉप मोशन चित्रपट करू पाहणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका सर्वांत आधी मेगापिक्सेलविषयी विचारतो. तो प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. या प्रकारात आपण एक फोटो घेतो, बाहुली किंचित हलवतो, पुन्हा फोटो घेतो, आणि असे शेकडो फोटो वेगाने एकामागून एक दाखवले की बाहुली चालू लागते. म्हणजेच दोन फोटोंमध्ये फक्त बाहुली बदलली पाहिजे. उजेड, रंग, फोकस किंवा चौकट यांपैकी काहीही बदलता कामा नये. आजचे बहुतेक कॅमेरे मात्र नेमक्या उलट हेतूने बनवलेले असतात. प्रत्येक फोटो आपापला सुंदर यावा म्हणून ते दर वेळी उजेड नव्याने मोजतात, रंग नव्याने ठरवतात आणि फोकस नव्याने शोधतात. म्हणून या कामाचा चांगला कॅमेरा म्हणजे एकदा नेमून दिल्यावर आपल्या मनाने काहीही न बदलणारा कॅमेरा. या एका कसोटीवर महागडा फोन नापास होतो आणि दहा-बारा वर्षे जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) उत्तम गुणांनी पास होतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

पुढे जाण्याआधी फोटोंचा हिशेब डोक्यात ठेवावा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रे, या वेगाने चालतो. स्टॉप मोशनमध्ये बहुधा प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटो लागतात. ठोकळ्यांच्या चित्रपटांना जगभर ब्रिकफिल्म म्हणतात आणि ते करणाऱ्यांमध्ये सेकंदाला १५ फोटोंचीही पद्धत रूढ आहे. एका मिनिटाला १२ च्या हिशेबाने ७२० आणि १५ च्या हिशेबाने ९०० फोटो होतात. इतके फोटो कित्येक तास, कधी कित्येक दिवस, एकाच जागी उभा राहून कॅमेऱ्याला घ्यायचे असतात.

पहिली पायरी: घरातल्या फोनची ४८ फोटोंची चाचणी

काहीही विकत घेण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी. टेबलावर चार-पाच रंगांचे ठोकळे रचावेत, खिडकीचा पडदा ओढावा, एकच दिवा लावावा, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून चिकटपट्टीने पक्का करावा आणि काहीही न हलवता ४८ फोटो घ्यावेत. प्रत्येक दोन फोटोंच्या मध्ये आपला हात बाहुली हलवण्यासाठी आत न्यावा आणि बाहेर काढावा, कारण प्रत्यक्ष कामात तो दर वेळी आत जाणारच आहे. नंतर हे फोटो सेकंदाला १२ या वेगाने चालवून पाहावेत. चार सेकंदांचे हे दृश्य एखाद्या निश्चल फोटोसारखे दिसायला हवे.

पहिल्या खेपेला ते तसे दिसत नाही. उजेड लुकलुकतो, ठोकळ्यांचा पांढरा रंग कधी पिवळसर तर कधी निळसर होतो आणि चौकट थरथरते. या तीन दोषांची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती ओळखता आली की कोणता कॅमेरा घ्यावा हे अर्धेअधिक ठरते. लुकलुकणे बहुधा आपोआप ठरणाऱ्या एक्स्पोजरमुळे, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा या हिशेबामुळे, होते. हात आत गेला की कॅमेऱ्याला दृश्य गडद किंवा उजळ वाटते आणि तो भरपाई करू लागतो. रंग बदलतो तो आपोआप ठरणाऱ्या व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो त्या रंगांच्या जुळवणीमुळे. चौकट थरथरते ती एकतर फोनला बोट लागल्यामुळे, नाहीतर फोकस पुढेमागे होत राहिल्यामुळे, कारण फोकस बदलला की प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो. आपल्या फोनवर यांतले कोणते दोष घालवता येतात हे समजल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

दुसरी पायरी: बाहुलीच्या जगाचे माप

लेगोची मिनिफिगर, जिला मी येथे सोयीसाठी बाहुली म्हणतो, १९७८ मध्ये आली आणि तिची उंची सुमारे ४ सेंमी आहे. साधा ठोकळा ९.६ मिमी उंच असतो आणि त्याच्या माथ्यावरील दोन खुंट्यांच्या केंद्रांमधले अंतर ८ मिमी असते. ही मापे कॅमेरा निवडताना फार कामी येतात. माणसाच्या मानाने ही बाहुली साधारण चाळीसपट लहान आहे. त्यामुळे कॅमेरा १ मिमी सरकला तर तिच्या जगात तो ४ सेंमी सरकलेला असतो. चौकटीत २२ सेंमी रुंदीचे दृश्य मावत असेल आणि चित्रपट १९२० पिक्सेल रुंदीचा असेल, तर १ मिमी म्हणजे आठ-नऊ पिक्सेल होतात. एवढा धक्का पडद्यावर स्पष्ट दिसतो. म्हणून कोणत्याही कॅमेऱ्याविषयी पहिले विचारायचे ते हे, की तो घट्ट बसवता येईल का आणि त्याला हात न लावता फोटो काढता येईल का.

दुसरे माप फोकसच्या खोलीचे. कॅमेरा वस्तूच्या जितका जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो. साध्या डीएसएलआरवर ५० मिमीची लेन्स लावून बाहुली अर्ध्या मीटरवर ठेवली आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे भोक, एफ २.८ इतके मोठे ठेवले, तर स्पष्ट पट्टा जेमतेम १ सेंमीचा असतो. बाहुलीचा चेहरा स्पष्ट दिसेल, पण तिच्या मागे उभी असलेली मैत्रीण धूसर होईल. तेच ॲपर्चर एफ ८ इतके लहान केले की पट्टा पावणेतीन सेंमीच्या आसपास जातो. फोन आणि वेबकॅम यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग, अगदी लहान असल्यामुळे त्यांना हा खोल पट्टा आपोआप मिळतो. मोठा सेन्सर म्हणजे चांगला कॅमेरा हा लग्नसमारंभाच्या छायाचित्रणातला नियम म्हणूनच येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

तिसरे माप पार्श्वभूमीचे, ज्याच्याकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही. वेबकॅमची दृष्टी रुंद असते. बाहुलीजवळ २२ सेंमी रुंदीची चौकट हवी असेल, तर लॉजिटेकचा सी ९२० हा वेबकॅम तिच्यापासून साधारण १६ सेंमीवर आणावा लागतो, आणि मग तिच्या २५ सेंमी मागे असलेल्या आकाशाचा कागद ५७ सेंमी तरी रुंद लागतो. डीएसएलआरवरील ५० मिमीची लेन्स तीच चौकट अर्ध्या मीटरवरून पकडते, आणि तिला मागचा कागद ३३ सेंमी पुरतो. घरात ठोकळे मोजकेच असतील तर हा फरक निर्णायक ठरतो. वेबकॅमच्या चौकटीत टेबलाची कड, भिंतीवरचे कॅलेंडर, खुर्चीची पाठ असे काही ना काही डोकावत राहते आणि ते झाकायला आणखी ठोकळे लागतात.

आता मेगापिक्सेल. पूर्ण एचडी चित्रपटाला १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख पिक्सेल, म्हणजेच २ मेगापिक्सेल लागतात. फोर-के चित्रपटाला ८.३ मेगापिक्सेल. टिम बर्टन आणि माइक जॉन्सन यांचा २००५ चा ‘कॉर्प्स ब्राइड’ हा बाहुल्यांचा चित्रपट कॅनन ईओएस १डी मार्क २ या ८.२ मेगापिक्सेलच्या स्थिरछायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांवर केला गेला आणि तो जगभरच्या चित्रपटगृहांत दाखवला गेला. काही स्वस्त वेबकॅम सोडले तर आपल्या गरजेपेक्षा कमी मेगापिक्सेलचा कॅमेरा आज बाजारात शोधूनही सहज सापडणार नाही, तेव्हा ही काळजी येथेच सोडून द्यावी.

तिसरी पायरी: हाताने काय काय ठरवता येते ते पाहणे

कॅमेऱ्यात चार गोष्टी हाताने ठरवून कायम ठेवता आल्या पाहिजेत: फोकस, शटरचा वेग (ते किती वेळ उघडे राहते), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) आणि व्हाइट बॅलन्स. ॲपर्चरही ठरवता आले तर उत्तमच, पण फोन आणि वेबकॅम यांत ते बहुधा कायमचेच ठरलेले असते आणि ती उणीव नसून सोयच आहे. त्याचे कारण लेन्सविषयी बोलताना येईल.

शटरच्या वेगाविषयी थोडे थांबून समजून घ्यावे. भारतात विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे आणि त्यामुळे घरातले पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा किंचित मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर १/५०० सेकंदाचे असेल तर एक फोटो प्रखर क्षणी निघतो आणि दुसरा मंद क्षणी. शटर १/५०, १/२५ किंवा त्याहून दीर्घ ठेवले की प्रत्येक फोटोत असे दोन किंवा अधिक पूर्ण चढउतार सामावले जातात आणि उजेड सारखा येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तेथील ६० हर्ट्झनुसार १/६० किंवा १/३० धरावे.

ठोकळ्यांची बाहुली फोटो काढताना हलत नसते. धावणाऱ्या मुलाचा फोटो घेताना वेगवान शटर लागते, अंधाऱ्या सभागृहात वरच्या आयएसओला स्वच्छ चित्र देणारा महाग सेन्सर लागतो. आपल्याला दोन्ही लागत नाही. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ आणि शटर १/५ सेकंद किंवा अगदी अर्धा सेकंद ठेवले तरी काही बिघडत नाही, कारण बाहुली तितका वेळ खुशाल थांबते. कॅमेऱ्याची किंमत ज्या गुणांमुळे चढते, जसे चपळ ऑटोफोकस, सेकंदाला दहा-वीस फोटो, अंधारातली कामगिरी, त्यांपैकी एकही गुण येथे उपयोगाचा नाही. जुना कॅमेरा स्वस्तात घेण्याला म्हणूनच पूर्ण तांत्रिक आधार आहे.

चौथी पायरी: कोणत्या जातीचा कॅमेरा

घरात मूल दहा-बारा वर्षांचे असेल आणि त्याला पहिला चित्रपट करायचा असेल, तर फोन पुरेसा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. स्टॉप मोशन स्टुडिओसारखे ॲप घातले की फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स यांना कुलूप लावता येते आणि आधीच्या फ्रेमची पारदर्शक प्रतिमा पडद्यावर दिसत राहते. या सोयीला ओनियन स्किन म्हणतात. बाहुली कोठून कोठे सरकली हे तिच्यामुळे नेमके कळते आणि चुकून कोसळलेली बाहुली पुन्हा त्याच जागी उभी करता येते. अँड्रॉइड फोनवरील मूळ कॅमेरा ॲपमध्ये अनेकदा प्रो मोड, म्हणजे हे सारे हाताने ठरवण्याची सोय, असते. आयफोनच्या मूळ ॲपमध्ये शटर आणि आयएसओ हाताने ठरवता येत नाहीत, म्हणून तेथे निराळे ॲप लागतेच.

फोनचे काही दोष मात्र कुलूप लावूनही राहतात. एचडीआर आणि तत्सम सोयींमध्ये फोन अनेक प्रतिमा जोडून एक फोटो तयार करतो आणि प्रत्येक वेळी ही जोडणी थोडी निराळी होते, त्यामुळे त्या सगळ्या बंद कराव्यात. अनेक फोनांत लेन्स अधांतरी तोललेली असते, जेणेकरून हात थरथरला तरी चित्र स्थिर राहावे. फोन स्थिर असताना हीच लेन्स किंचित तरंगते आणि चौकट हळूहळू सरकल्यासारखी दिसते. हा दोष चाचणीत दिसला आणि सेटिंगमध्ये बंद करता आला नाही, तर त्या फोनचा नाद सोडावा. दोन-तीन कॅमेरे असलेले फोन वस्तू जवळ आली की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात. तेही बंद करावे. स्वस्त फोनांवर ‘मॅक्रो’ म्हणून जो २ मेगापिक्सेलचा निराळा कॅमेरा असतो त्याच्यापेक्षा मुख्य कॅमेरा थोडा मागे नेऊन फोटो कापून घेतलेला बरा. फोटो काढण्यासाठी पडद्याला बोट लावू नये. ब्लूटूथचे छोटे बटण किंवा इअरफोनवरील आवाजाचे बटण बहुतेक फोनांवर शटरचे काम करते. फोन विमान मोडमध्ये ठेवावा, कारण चारशेव्या फोटोच्या वेळी येणारा फोन त्याला जागचा हलवतो.

संगणक घरात असेल तर वेबकॅम हा मला सर्वांत आवडणारा आरंभ वाटतो. लेगो कंपनीनेच २००० मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या नावाने चित्रपट बनवण्याचा एक संच विक्रीस आणला होता आणि त्यात लॉजिटेकने बनवलेला यूएसबी कॅमेरा होता. ब्रिकफिल्म करणाऱ्यांमध्ये वेबकॅम तेव्हापासून रुळला. पुढे लॉजिटेकच्या क्विककॅम प्रो ९००० ने आणि २०१२ पासून सी ९२० ने ही परंपरा चालवली. वेबकॅमचे खरे बळ त्याच्या लहानपणात आहे. बाहुलीचे डोळे जमिनीपासून सुमारे सव्वातीन सेंमीवर असतात आणि वेबकॅम त्या उंचीवर सहज बसतो. तो बोळात शिरतो, ठोकळ्यांच्या खिडकीतून आत डोकावतो, आणि त्याला धरून ठेवणारा घोडा आपण ठोकळ्यांचाच बांधू शकतो. प्रेक्षकाला बाहुलीच्या नजरेने तिचे शहर दिसते ते याच उंचीमुळे.

वेबकॅम घेताना एकच गोष्ट कसून तपासावी: फोकस हाताने ठरवता येतो का? सी ९२० चा ऑटोफोकस सॉफ्टवेअरमधून बंद करून फोकस हाताने नेमता येतो. याउलट सी २७० सारख्या स्वस्त वेबकॅमचा फोकस कारखान्यातच दूरच्या चेहऱ्यासाठी कायम केलेला असतो आणि १५ सेंमीवरची बाहुली त्यात धूसर येते. काही हौशी मंडळी असा वेबकॅम उघडून आतली लेन्स हळूच फिरवतात आणि जवळचा फोकस मिळवतात. हे शक्य आहे, पण हमी जाते आणि लेन्सवर ओरखडा पडण्याची भीती असते, म्हणून नव्या वेबकॅमवर हा प्रयोग करू नये. वेबकॅमचे शटर डीएसएलआरसारखे अर्धा सेकंद उघडे ठेवता येत नाही, म्हणून त्याला भरपूर उजेड द्यावा लागतो. शिवाय संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की त्याच्या ठरवलेल्या किमती अनेकदा पुसल्या जातात, त्यामुळे फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सचे आकडे वहीत लिहून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा विचार फार करू नये. काही मिनिटे हात लागला नाही की ते झोपी जातात आणि लेन्स आत ओढून घेतात. पुन्हा बाहेर आलेली लेन्स पूर्वीच्याच जागी येत नाही, आणि चाललेले दृश्य तेथे तुटते. व्हिडिओ कॅमेरेही याच कारणासाठी फारसे सोयीचे नाहीत.

राहिले डीएसएलआर आणि मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारे पण आरसा नसलेले कॅमेरे. ज्याला हा छंद वर्षभर टिकेल याची खात्री पटली आहे त्याने यांच्याकडे वळावे, त्याआधी नको. यांचा लाभ चित्राच्या दर्जात आहे, पण त्याहून मोठा लाभ असा, की सर्व काही हाताने ठरवता येते आणि यूएसबी तारेने संगणकाला जोडल्यावर पुढे येणारे चित्र संगणकाच्या पडद्यावर दिसते. ही शेवटची सोय प्रत्येक कॅमेऱ्यात नसते. ड्रॅगनफ्रेम हे या क्षेत्रातले सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे निर्माते चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी प्रसिद्ध करतात. कॅमेऱ्याचे नेमके मॉडेल त्या यादीत असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका मॉडेलला ही सोय असते आणि त्याच मालिकेतल्या स्वस्त भावंडाला नसते, हे अनेकांना घरी आल्यावर कळते.

मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर हजारो फोटोंनीही झीज होत नाही. डीएसएलआरचे शटर यांत्रिक असते आणि साध्या मॉडेलमध्ये त्याचे आयुष्य सुमारे १ लाख फोटोंचे धरतात. पाच मिनिटांच्या चित्रपटाला सेकंदाला १५ च्या हिशेबाने ४,५०० फोटो लागतात आणि फसलेले फोटो धरून त्याच्या दुप्पट. म्हणजे निम्मे आयुष्य उरलेला जुना डीएसएलआरसुद्धा चार-पाच चित्रपट पार पाडेल. मिररलेसच्या अनेक लेन्समध्ये फोकसचे कडे लेन्सला थेट जोडलेले नसून मोटर चालवते, आणि कॅमेरा बंद झाला की ठरवलेला फोकस हरवतो. विजेवर झूम होणाऱ्या आटोपशीर लेन्स तर बंद होताना आतच जातात. सायंकाळी अर्धवट राहिलेले दृश्य सकाळी पुढे न्यायचे असेल, तर अशी लेन्स घातक ठरते.

पाचवी पायरी: लेन्स आणि तिचे लुकलुकणे

डीएसएलआर घेणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. सर्व काही हाताने ठरवले आहे, खोली अंधारी आहे, दिवा स्थिर आहे, तरीही उजेड लुकलुकतो. दोष ॲपर्चरच्या पात्यांचा असतो. आधुनिक लेन्सचे ॲपर्चर एरवी पूर्ण उघडे असते आणि फोटो काढायच्या क्षणी ती पाती एफ ८ पर्यंत मिटतात. दर वेळी ती अगदी केसभर कमीजास्त मिटतात. एकट्या फोटोत हा फरक कोणाच्याही नजरेस येत नाही; सेकंदाला १२ फोटो धावू लागले की तो थरथरणाऱ्या उजेडासारखा दिसतो. बहुतेक फोन आणि वेबकॅम यांना पातीच नसल्यामुळे हा दोषही नाही.

यावरचा सर्वांत चांगला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फिल्मच्या काळातली, ॲपर्चरचे कडे असलेली जुनी लेन्स. ती अडॅप्टरने बसवायची, कडे एफ ८ वर फिरवायचे आणि विसरून जायचे; कॅमेऱ्याला तिच्यावर काहीही अधिकार नसल्यामुळे पाती हलतच नाहीत. कॅननच्या डीएसएलआरवर जुन्या निकॉन लेन्स आणि स्क्रूच्या आट्यांच्या एम ४२ लेन्स साध्या धातूच्या अडॅप्टरने बसतात. निकॉनच्या कॅमेऱ्यावर काच नसलेल्या साध्या अडॅप्टरने एम ४२ लेन्स बसवली तर दूरच्या डोंगरावर फोकस होत नाही, आणि विक्रेते त्यामुळे ती घेऊ नका असे सांगतात. पण आपली बाहुली अर्ध्या मीटरवर असते, त्यामुळे आपल्याला ती बिनतक्रार चालते. ५० ते ५८ मिमीची अशी एखादी लेन्स ठोकळ्यांच्या कामात वर्षानुवर्षे पुरते. तिची जवळात जवळ फोकसची मर्यादा अर्ध्या मीटरच्या आसपास असते. चेहरा चौकटभर हवा असेल तेव्हा मध्ये पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, बसवावी. नळीत काच नसते, त्यामुळे साधी स्वस्त नळीही चालते.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स फेकून देण्यासारखी मुळीच नाही. कॅननची ही लेन्स २५ सेंमीपर्यंत फोकस करते आणि ५५ मिमीवर ती सुमारे ६ सेंमी रुंदीचे दृश्य चौकटभर दाखवते. १६:९ च्या चौकटीत बाहुलीचा चेहरा आणि धड एवढेच उरते, म्हणजे जवळचे दृश्य या लेन्सवरच मिळते. तिच्यावर लुकलुक टाळायची असेल तर ॲपर्चर शक्य तितके उघडे ठेवावे, कारण पूर्ण उघड्या ॲपर्चरला पाती हलवावी लागत नाहीत. फोकसचा पट्टा अरुंद होतो, तो बाहुल्या एका रांगेत उभ्या करून सांभाळावा.

एक अडचण कॅमेऱ्याच्या आकाराची. डीएसएलआर टेबलावर ठेवला तरी त्याच्या लेन्सचे केंद्र साधारण ५ सेंमी उंच राहते, म्हणजे बाहुलीच्या डोळ्यांच्या वर. कॅमेरा याहून खाली नेता येत नाही, म्हणून शहर वर उचलावे. दोन ठोकळे एकावर एक ठेवले तर १.९२ सेंमी होतात, पण सगळे शहर ठोकळ्यांवर उचलण्यापेक्षा देवघरातला नव्हे, जेवायला बसायचा लाकडी पाट घ्यावा. तो जड असतो, सपाट असतो आणि बेसप्लेट (ज्यावर ठोकळे बसवतात ती खुंट्यांची पाटी) त्याला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने पक्की बसते.

सहावी पायरी: जुना कॅमेरा पारखून घेणे

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत. इतर शहरांतही लग्नांचे छायाचित्रण करणारे व्यावसायिक दर काही वर्षांनी जुने कॅमेरे काढून टाकतात. कोठेही जाताना स्वतःचा लॅपटॉप, यूएसबी तार आणि मेमरी कार्ड बरोबर न्यावे. माझा पहिला जुना डीएसएलआर फोटो उत्तम काढत होता, मात्र त्याचे यूएसबीचे तोंड निकामी होते आणि हे मला घरी आल्यावर कळले. विक्रेत्याने ते तपासले नव्हते आणि मीही नाही. कॅमेरा लॅपटॉपला जोडून थेट चित्र दिसते का हे दुकानातच पाहावे, वीस-पंचवीस फोटो संगणकावरूनच काढावेत.

निकॉनच्या फोटोतच शटर किती वेळा उघडले याचा आकडा नोंदलेला असतो आणि तो संगणकावर वाचता येतो. कॅननसाठी निराळे सॉफ्टवेअर लागते. मग ॲपर्चर एफ २२ करून कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्यावा. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. एकट्या फोटोत ते पुसता येतात, पण नऊशे फोटोंत तो ठिपका आकाशात जागच्या जागी चिकटून राहतो. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे. ती बुरशी असते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ती फार लवकर धरते. घेतलेली लेन्स पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

त्या मॉडेलसाठी बॅटरीच्या जागी बसणारा आणि थेट विजेवर चालणारा अडॅप्टर मिळतो का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. थेट चित्र दाखवत राहिलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी एका सायंकाळीही पुरत नाही, आणि ती बदलण्यासाठी ट्रायपॉडवरून कॅमेरा काढला की चौकट गेलीच. वीज वारंवार जाते त्या गावी कॅमेरा आणि दिवे दोन्ही इन्व्हर्टरच्या मागे जोडावेत. तरीही वीज जाऊन आल्यावर दिव्याचा उजेड तोच आहे का हे आधीच्या फ्रेमशी ताडून पाहूनच पुढचा फोटो घ्यावा.

ट्रायपॉडचे पैसे कॅमेऱ्याच्या पैशांतून वगळून बाजूला ठेवावेत. हलका, लांब पायांचा ट्रायपॉड पायाच्या धक्क्यानेही थरथरतो; त्याच्या मधल्या दांड्याला दोन-तीन किलो तांदळाची पिशवी टांगली की तो बसतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेरा एका जागी रोवून रोज थोडी थोडी टिपली होती. कॅमेरा जागचा न हलू देण्याची तीच शिस्त ठोकळ्यांच्या कामात लागते, फक्त आपले रोप हातांनी वाढवायचे असते.

कॅमेरा घरी आला की लगेच कथेला हात घालू नये. पहिल्या सायंकाळी पहिल्या पायरीतली ४८ फोटोंची चाचणी त्याच ठोकळ्यांवर, त्याच दिव्याखाली पुन्हा करावी. गडद रंगाचा शर्ट घालावा, कारण पांढऱ्या शर्टावरून परावर्तित झालेला उजेड चकचकीत ठोकळ्यांवर पडून हलताना दिसतो, आणि पंखा बंद ठेवावा. फोटो चालवून पाहावेत. लुकलुक दिसली तर आधी शटर दीर्घ करावे, मग ॲपर्चर उघडावे, मग दिवा बदलावा, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा ४८ फोटो घ्यावेत. चार सेकंद पडद्यावर काहीही हलले नाही, की मग बाहुली आणून चौकटीच्या डाव्या कडेला उभी करावी.